कडवळातली चवळी

कडवळात चवळी मिसळली की तो चारा गुरांना बाधतो, असे काळू नदीकाठच्या गावांत अजून सांगतात. आंबिवलीच्या आसपास कोणालाही विचारा, तो एका गाईची गोष्ट सांगेल. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे एकोणीस वर्षे एकट्या मला ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो म्हणून ती टिकली.

मागच्या मार्गशीर्षात माझी बायको वारली. ती होती तोवर हे लिहिणे मला शक्य नव्हते. का, ते पुढे येईल. तिचे वर्षश्राद्ध परवा झाले. आता ठाण्याला नौपाड्यातल्या या दोन खोल्यांत मी एकटाच आहे, आणि माझे अक्षर अजून वाचता येते.

त्या काळी मी काळूकाठच्या एका गावात सरकारी मराठी शाळेवर मास्तर होतो. गाव आगऱ्यांचे, शेती भाताची. निम्मी जमीन ज्या गृहस्थांची होती त्यांना सगळे मालक म्हणत. त्यांच्याच घराच्या पडवीला लागून दोन खोल्या आम्हांला राहायला मिळाल्या होत्या. समोरच्या अंगणात मालकांची गाय बांधलेली असे.

भात कापून झाले की त्या मुलखात हिरवे असे फारसे उरत नसे. कोणी खाचरात वाल टाकी. बाकी जमीन पावसाळ्यापर्यंत भेगाळत पडे. डोंगरउतारावरचे गवत कापून मुंबईच्या घोड्यांसाठी आणि तबेल्यांसाठी रवाना होई, आणि गावच्या गुरांपुढे पेंढा पडे. फाल्गुन-चैत्रात रस्त्याने जाणाऱ्या बैलाच्या फासळ्या शाळेच्या दारातून मोजता येत. अशा गावात दोन म्हशी मात्र अशा होत्या की भर उन्हाळ्यात त्यांच्या पाठी तेल लावल्यासारख्या चकाकत. त्या म्हशी ज्या बाईच्या होत्या, तिला गाव मळीवाली म्हणे.

नदीने गाळ टाकून केलेली जी सपाट जमीन, तिला तिकडे मळी म्हणतात. मालकांची अशी एक मळी या बाईकडे कसायला होती. तिचा नवरा दिवाळीनंतर ठाण्याच्या खाडीवर मिठागरात कामाला जाई तो पाऊस तोंडावर आल्यावरच परते. म्हणजे मळीची पेरणी, राखण, कापणी सगळी हिचीच. नांगर तेवढा दीर चालवून देई. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, अंगाने काटक, आणि जिभेने अशी की दीर नांगर सोडला की तिथे थांबत नसे.

मी रोज सकाळी नदीवर आंघोळीला जाई, तेव्हा वाट तिच्या बांधावरून होती. पहिल्याच वर्षी पौषात मी पाहिले, की हिच्या जोंधळ्यावर चवळीचे वेल चढले आहेत. मला वाटले, बियाण्यात घाण होती.

"बाई, बी चाळून घेतलं नाहीस काय?" मी बांधावरूनच म्हणालो. "जोंधळ्यात चवळी शिरलीय."

"शिरली नाय मास्तर, शिरवलीय," ती न उठता म्हणाली. "तुमी शाळेत पोरापोरींना एके ठिकाणी बसवत नसाल. माझ्या मळीत बसतात."

(तिची बोली मी कानाला आठवते तशी, पण थोडी सावरून लिहितो आहे. तशीच्या तशी लिहिण्याची माझी लायकी नाही.)

कडवळ म्हणजे दाण्यासाठी नव्हे, तर वैरणीसाठी दाट पेरलेला जोंधळा. तो त्या भातमुलखात फारसा कोणी करत नसे. हिचे माहेर मुरबाडकडे, घाटाच्या पायथ्याशी. तिथे तिने कडवळही पाहिले होते आणि त्यात चवळी टाकणेही. पण माहेरचे जसेच्या तसे उचलून तिने इथे आणले नव्हते, हे मला हळूहळू कळले. पहिल्या वर्षी तिने दोन्ही बियाणी एकत्र करून फोकली. चवळी माजली आणि जोंधळ्याला घेऊन आडवी झाली. दुसऱ्या वर्षी तीन काकऱ्या, म्हणजे पेरणीच्या ओळी, जोंधळा आणि चौथी चवळी असे केले, तर चवळी कमी पडली. मग दोन काकऱ्यांना एक, असे ठरले. आणि तेही एकदम पेरायचे नाही. जोंधळा आधी, आठ-दहा दिवसांनी तो बोटभर वर आला, की मधल्या मोकळ्या ओळीत चवळी.

"दोन्ही एकाच दिवशी का नाही पेरत? फेरा वाचेल," मी एकदा विचारले.

"नवरा पायावर उभा राहायच्या आधी बायको आणली तर काय होतं? गळ्यात पडते. दोघं बी आडवी. आठ दिस थांबावं, मंग आणावी. धरून धरून चढते."

"आणि फार उशिरा आणली तर?"

"मंग त्याच्या सावलीत रडत बसते." मग माझ्याकडे पाहून, "मास्तरीणबाईंना विचारा."

मी हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, त्या बाईला एकदा बोलवा, मला तिच्याशी बोलायचे आहे.

मी त्या बाईकडून तीन वर्षांत जे शिकलो ते थोडक्यात लिहिले पाहिजे. कापणी कधी? जोंधळा निसवू लागला, म्हणजे कणीस पोटरीतून डोके काढू लागले, आणि चवळीला फूल येऊन शेंग लागू लागली, तेव्हा. त्याआधी नाही, कारण कोवळ्या ताटांचा भारा भरत नाही. त्यानंतर नाही, कारण ताटे लाकूड होतात. सगळी मळी एकदम पेरायची नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकाने तीन तुकड्यांत पेरायची, म्हणजे माघापासून चैत्रापर्यंत रोज ताजा भारा निघतो. नुसते कडवळ म्हशीपुढे टाकले तर ती पाने ओरबाडते आणि बुडखे तुडवते. चवळी गुंडाळलेले टाकले तर दावणीत काडी उरत नाही. दूध दाट येते, हे मी स्वतः पितच होतो.

आणि चवळी कापायची, उपटायची नाही. हे ती पुन्हा पुन्हा सांगे. एकदा तिने विळ्याच्या टोकाने एक वेल मुळासकट उकरून माझ्या हातावर ठेवला. मुळाला मोहरीएवढ्या, काही मुगाएवढ्या गाठी लोंबत होत्या. मी म्हटले, कीड लागली आहे.

"कीड नाय. जमिनीला लागतं ते हाय हे. जोंधळा नुसता खातो. ही स्वतःचं खाणं माहेराहून घेऊन येते, आणि जाताना उरलेलं ठेवून जाते. म्हणून मूळ आत ऱ्हाऊ द्यायचं."

हे तिला कोणी सांगितले, असे मी विचारले. कोणी नाही. दर वर्षी मळीच्या नदीकडच्या कडेला ती एक पट्टा नुसत्या जोंधळ्याचा ठेवी, चवळीशिवाय. त्यानंतर पावसाळ्यात तिथे आणि बाकीच्या मळीत भाजी सारखीच लावी, आणि बघे. नुसत्या जोंधळ्याच्या पट्ट्यावर भेंडी गुडघ्याएवढी, बाकीकडे कमरेएवढी. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलो होतो, पण एखादी गोष्ट खरी की खोटी हे पाहायला एक पट्टा मुद्दाम तसाच सोडावा, हे मला कोणी शिकवले नव्हते. ती अक्षर न येणारी बाई ते दर वर्षी करत होती, आणि त्याबद्दल तिला काही विशेष वाटतही नव्हते.

मालकांशी तिची बोली अशी होती, की मळीच्या बदल्यात माघ ते चैत्र रोज एक भारा त्यांच्या गाईला द्यायचा. मालक खूश होते. गाय नुकतीच दुसऱ्यांदा व्याली होती आणि दूध चांगले देत होती. गावातली दोन-चार घरे पुढच्या वर्षी असे पेरून पाहावे असे बोलू लागली होती.

कापलेल्या तुकड्यात जोंधळ्याची खोडे राहत. त्यांना पुन्हा फूट येते, त्याला खोडवा म्हणतात. फाल्गुनात पहिला तुकडा कापून झाला, की ती त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या लावून टाकी. मी समजत होतो, की सुटलेली गुरे ती जमीन तुडवू नयेत म्हणून असेल. तीन वर्षे मी तिला शंभर गोष्टी विचारल्या. ही विचारली नाही.

आता जे घडले ते.

आम्हांला मूल नव्हते. कोणा पुराणिकाने सांगितल्यावरून बायकोने नेम धरला होता, की पाडव्यापासून चैत्र महिनाभर गाईला हिरवा घास दिल्याखेरीज तोंडात पाणी घालायचे नाही. मळीवालीचा भारा मालकांचा, त्यातला घास आपला होत नाही. मग चैत्रात हिरवे आणायचे कोठून? मी विहिरीकाठच्या दुर्वा, कधी केळीचे पान, असे काहीबाही आणी. मुठीएवढा तो घास. अमावास्येला नेम संपणार होता. त्या सकाळी ती म्हणाली, "आज शेवटचा दिवस. आज गाईला पोटभर हिरवं घालायचं माझ्या मनात आहे."

मी नदीवर गेलो. परतताना काट्यांच्या आत खोडव्याची फूट दिसली. वीतभर, पोपटी, इतकी कोवळी की आपणच खावी. कापणी झाल्यापासून पाणी नाही, जमीन तापलेली, आणि तीत ही पालवी. मला तो देवाचा संकेत वाटला. मळीवाली तिकडे दुसऱ्या टोकाला कापत होती. तिला हाक मारून विचारावे असे मनात आले, आणि गाईच्या तोंडी घालायला काय विचारायचे, असेही आले. मी काटी बाजूला केली, हातांवर ओरखडे उठले, आणि खुडून खुडून उपरणे भरले. काटी परत लावली.

बायकोने गाईला हळदकुंकू वाहिले आणि सगळे आपल्या हाताने तिला भरवले. गाय रात्रभराची भुकेली होती. बायकोच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद होता तो मला आजही आठवतो. आम्ही आत गेल्यावर रोजच्यासारखा मळीवालीचा दीर येऊन भारा टाकून गेला. मी शाळेत गेलो.

मधली सुट्टी व्हायच्या आत बोलावणे आले. गाय आडवी पडली होती, तोंडाला फेस, पाय झटकत होती. मी पोचलो तेव्हा संपली होती. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखे फुगले.

उन्हे उतरल्यावर चावडीवर सगळे बसले. मालकांशेजारी मलाही बसवले होते. मळीवाली समोर उभी. दावणीत तिच्या भाऱ्यातले अर्धे अजून तसेच होते, ते कोणी तरी पुरावा म्हणून आणून टाकले होते.

"वाल खाऊन ढोर फुगतं हे शेंबड्या पोराला ठाव हाय," एक म्हातारा म्हणाला. "चवळी काय निराळी? दोन धान्यं एका भाऱ्यात बांधली, ती पोटात जाऊन भांडली."

"माझ्या म्हशी तीन वर्सं तेच खातात, त्यांच्या पोटात नाय भांडली?"

"तुझ्या म्हशी तुझ्यासारख्या. त्यांच्याशी कोण भांडेल?"

लोक हसले. ती हसली नाही. तिने मालकांकडे वळून विचारले, "गाय खोडव्यात शिरली होती का? कापलेल्या जोंधळ्याला पाण्याबिगर फूट आली का तिला इख चढतं. एक पाऊस पडेपर्यंत गुराला दाखवायची पण नाय. म्हणून तर मी काट्या घालते."

मी तेव्हा ते पहिल्यांदा ऐकले.

"गाय दाव्याला होती," मालक म्हणाले. "सकाळपासून सुटलेली नाही."

"मंग कोणी आणून घातलं का?"

"काट्यांत हात घालून तुझा खोडवा कोण आणील? तुझ्या भाऱ्याखेरीज आज तिने काही खाल्लेलं नाही."

मालक खोटे बोलत नव्हते. मास्तरीणबाई रोज गोग्रास देतात हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते. पण गोग्रासाला कोणी चारा म्हणत नाही. तो देवाला दिलेला. तो हिशेबात धरायचा असतो हे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

माझे दोन्ही हात उपरण्याखाली होते. एक वाक्य बोलायचे होते. मी ते तोंडात जुळवले. मग मला दिसले, की हे बोललो की गोहत्या माझी आणि माझ्या बायकोची होते. तिने नेमाच्या शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने गाय मारली, हे ऐकून ती जगणार नाही असे मला वाटले. हे मी कारण म्हणून सांगतो. दुसरेही कारण होते, ते म्हणजे भीती. लोक मास्तरांना काय म्हणतील, याची. कोणते कारण मोठे होते ते मी एकोणीस वर्षे ठरवू शकलेलो नाही, आणि आता त्याने काही फरक पडत नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलेच. "आपण सकाळी घातलं, त्याने तर नाही ना हो काही झालं?"

"कोवळ्या पानाने कधी काही होतं का?" मी म्हणालो. "त्या चवळीने गेली."

मळीवालीला प्रायश्चित्त सांगितले गेले. आता ही चाल कमी झाली आहे, तेव्हा होती. मेलेल्या गाईचे दावे गळ्यात बांधून पाच गावे फिरायची. कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. दारात उभे राहून गाईसारखे हंबरायचे, आणि कोणी घालील ती भिक्षा घ्यायची. वैशाखाच्या उन्हात ती बाई पाच दिवस अशी फिरली. जिच्या जिभेला दीर भीत असे, ती पाच दिवस बोलली नाही. शेवटच्या दिवशी ती आमच्या दारात आली. मी दाराआड उभा होतो. बायको सुपात तांदूळ घेऊन बाहेर गेली, तिच्या पदरात घातले, आणि आत येऊन रडली. "काय हो तिच्या नशिबी," म्हणाली.

मळी तिच्याकडून गेली नाही. मालक वाईट नव्हते. त्यांनी अट घातली, की नुसता जोंधळा पेरायचा, चवळीचे नाव काढायचे नाही. ज्यांनी पेरून पाहू म्हटले होते त्यांनीही ते सोडले.

त्यानंतर पाच वर्षे मी त्या गावात होतो आणि रोज त्याच बांधावरून जात होतो. पहिल्या वर्षी कडवळ ठीक आले. तिसऱ्या वर्षी ताटे करंगळीएवढी. पाचव्या वर्षी पाने पिवळी, आणि ती बाई डोक्यावर शेणखताच्या पाट्या वाहून घामाघूम होत होती. म्हशी बुडखे तुडवू लागल्या. मी बांधावर थांबून काही विचारणे सोडले होते, तिने बोलणे. तरी त्या पडत्या जमिनीतही तिच्या काकऱ्या सुताने आखल्यासारख्या असत, पेरणीचा दिवस चुकत नसे, आणि म्हशींच्या अंगावर गोचीड दिसत नसे. जे हातचे होते त्यात तिने कसूर केली नाही. मग माझी बदली ठाण्याला झाली. गाव सोडताना मला हलके वाटले, हेही लिहून ठेवतो.

या आश्विनात मी आगगाडीने कल्याणला उतरलो आणि बैलगाडी करून तिच्या दारात गेलो. ती अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती. आता एकच म्हैस होती. तिने मला पटकन ओळखले.

"मास्तर! केवढं म्हातारं झालात!"

"तूही झालीस."

"मी कामानं झाले. तुमी कशानं?"

मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. बसलो असतो तर बोललो नसतो. तिने बादली खाली ठेवली.

"काट्या तुमी काढल्या?"

"हो."

"मी पलीकडं कापत होते. हाक नाय मारली?"

"नाही."

ती ओट्यावर बसली. आत तिचा नवरा खोकत होता. मी ज्यासाठी मन घट्ट करून गेलो होतो, ते प्रायश्चित्त तिने दोन वाक्यांत बाजूला सारले.

"दावं बांधून फिरले ते फिरले. ते कोणी परत घेऊ शकत नाय. पण चवळी? मी एवढी वर्सं समजत होते का चवळीनं मारलं. माझ्या म्हशी तीन वर्सं खाऊन धष्टपुष्ट, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, आणि तुमी सगळे बोललात म्हणून ते मी खोटं धरलं. मळी डोळ्यांदेखत मेली, तरी हिंमत नाय झाली." मग सरळ माझ्याकडे पाहून, "गाय मारलीत ती चुकून. हे चुकून नाय."

"नाही," मी म्हणालो. "मी आता ते दावे बांधतो. पाच गावे फिरतो."

"तुमी हंबरलात म्हणून मळीत काय उगवणार हाय? लोक पाया पडतील तुमच्या, मास्तर किती थोर म्हणून. नको. चावडीवर चला, आणि बोला."

मालक कधीच वारले होते. आता त्यांचा मुलगा सगळे पाहतो. तो माझा विद्यार्थी. तीस-चाळीस माणसे जमली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. ऐकून झाल्यावर लोक एकमेकांकडे पाहू लागले, आणि एकाने हात जोडले.

"पुण्यवान माणूस," तो म्हणाला. "बाईचं पाप आपल्या अंगावर घ्यायला ठाण्याहून आले."

"वय झालंय त्यांचं," दुसरा हळूच म्हणाला. "बायको गेलीय."

मला हे सुचलेच नव्हते, की माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी शपथ घेऊ लागलो. तेवढ्यात मळीवाली बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि परीक्षा घ्यावी तशी माझ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, कुठल्या अंगाची काटी काढलीत?"

"नदीकडची. कोपऱ्यापासून दुसरी."

"परत लावलीत ती कशी लावलीत?"

मला आठवले. "बुडखा धरून उचलली होती, हाताला लागत होतं, म्हणून बुडखा माझ्याकडे ठेवूनच टेकवली. शेंडा आत."

ती लोकांकडे वळली. "बुडखा बाहेर, काटा आत. पाच गावं फिरून आले तेव्हा मी ती काटी सरळ केली. मनात म्हटलं, असलं कोण लावतंय, कुत्र्यानं ओढली असंल. आपल्यात कोणी अशी काटी लावील?"

कोणी लावली नसती. पाच वर्षांचे पोरही काट्याचे तोंड बाहेर करते. चावडीवर पहिल्यांदा हसू फुटले ते माझ्यावर, आणि मग ते थांबले, कारण सगळ्यांना पटले होते. मालकांचा मुलगा खाली पाहत होता. "मळीत तुला काय पेरायचं ते पेर, काकी," तो म्हणाला. गाईबद्दल शास्त्राप्रमाणे माझे मला जे करायचे ते मी करतो आहे, ते इथे लिहीत नाही.

"झालं?" ती म्हणाली. "मंग मी जाते. म्हैस पान्हवायची वेळ झाली."

तिने निरोप पाठवला नव्हता, पण कार्तिकात मी आपण होऊन गेलो. तिची जुनी वेलाची चवळी आता राहिली नव्हती. एकोणीस वर्षे पेरली नाही, बी मेले. माहेरी माणूस पाठवून तिने दुसरे आणवले होते. ते लाल, बारीक. "ही चढते का बसते ते आधी बघायला पाहिजे," ती म्हणाली. म्हणजे जे तिने तीन वर्षांत जमवले होते ते आता साठीत पुन्हा पहिल्यापासून. नदीकडच्या कडेला नुसत्या जोंधळ्याचा पट्टा सोडलेला होता. शेजारच्या दोन बायका बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांतली एक विचारत होती, म्हशीला पहिला भारा कधी घालणार, आम्ही बघायला येऊ.

जोंधळा बोटभर वर आला होता. ती वाकून मधल्या मोकळ्या ओळींत चवळी टाकत येत होती, दोन दाणे, मग पायाने माती. पाहता पाहता मी मळीतच खाली बसलो. ती ओळ संपवत माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

"मास्तर, उठा," ती म्हणाली. "तुमी बसलात त्या ओळीत पेरायचंय."

मी उठलो आणि बांधावर जाऊन उभा राहिलो.